तळ्याकाठची वाट आणि इनलाइन स्केटिंग

इनलाइन स्केटिंगला लागणाऱ्या गोष्टी मोजक्या असल्या तरी त्या एकत्र सापडणे अवघड असते. सलग, गुळगुळीत आणि जवळपास सपाट अशी लांब वाट हवी. तिच्यावर मोटारी नकोत आणि दर शंभर पावलांवर चौक नको. मोठ्या शहरात हे सारे एका ठिकाणी मिळण्याची शक्यता तळ्याच्या काठावर सर्वांत जास्त. काठ पाण्याच्या पातळीला धरून चालतो, त्यामुळे चढ-उतार थोडे असतात. पाण्याच्या बाजूने रस्ता येऊन मिळत नाही, म्हणजे निम्मे चौक आपोआप टळतात. वाट तळ्याला वळसा घालून सुरुवातीला परत येते, त्यामुळे उलटे फिरून येण्याचा किंवा परतीच्या वाहनाचा प्रश्न उरत नाही. या खेळाविषयी बोलताना बहुतेक वेळा बूट, चाके आणि बेअरिंग यांचीच चर्चा होते. प्रत्यक्षात स्केटिंग सुखाचे आणि सुरक्षित होते की नाही, हे आधी वाटेचा पृष्ठभाग, तिची रुंदी आणि तिची देखभाल ठरवतात. बुटांचा क्रम त्यानंतर लागतो.

एका रांगेत चाके बसवण्याची कल्पना जुनी आहे. पॅरिसमध्ये पेटिब्लेद याने 1819 मध्ये एका रांगेत तीन चाके असलेल्या स्केटचे पेटंट घेतले. लंडनच्या रॉबर्ट जॉन टायर्सने 1823 मध्ये पाच चाकांचा ‘रोलिटो’ बनवला. या स्केटवर सरळ जाता येई, पण वळताना फार कष्ट पडत. न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टनने 1863 मध्ये दोन पुढे आणि दोन मागे अशा चार चाकांचा, रबरी गादीमुळे अंग कलवताच वळणारा स्केट आणला आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे खेळ त्याच्याच ताब्यात राहिला. हा ‘क्वाड’ स्केट लाकडी फरशीच्या बंदिस्त रिंकवर उत्तम चालतो. उघड्यावरच्या लांब वाटेवर मात्र तो मागे पडतो.

रांगेतल्या चाकांना खरे दिवस आले ते अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात. या राज्यात हिवाळा लांब असतो आणि आइस हॉकी घरोघरी खेळली जाते. बर्फ वितळला की खेळाडूंचा सराव बंद पडे. 1980 च्या सुमारास स्कॉट आणि ब्रेनन ओल्सन या हॉकी खेळणाऱ्या भावांच्या हाती एक जुना रांगेतल्या चाकांचा स्केट आला. त्यांनी त्याची फ्रेम हॉकीच्या बुटाला जोडली आणि पॉलियुरेथेनची चाके बसवली. हे प्लास्टिक सत्तरच्या दशकात स्केटबोर्डमुळे प्रचारात आले होते. ते लोखंडाप्रमाणे घसरत नाही, जुन्या मातीच्या चाकांप्रमाणे फुटत नाही आणि रस्त्याचा खरखरीतपणा थोडाफार पोटात घेते. यातून ‘रोलरब्लेड’ कंपनी उभी राहिली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस टाचेला ब्रेक असलेले, नवशिक्याला पेलतील असे स्केट बाजारात आले. नव्वदच्या दशकात हा अमेरिकेतील सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या खेळांपैकी एक ठरला. दशक संपताना वर्षातून एकदा तरी स्केट घालणाऱ्यांची संख्या कोट्यवधींवर गेली होती.

या खेळाने मिनेसोटातल्या मिनिआपोलिस शहराच्या परिसरात बाळसे धरले, यात हॉकीइतकाच तिथल्या तळ्यांचाही वाटा आहे. ब्राउनी, सीडर, लेक ऑफ द आइल्स, ब्दे माका स्का आणि हॅरिएट अशी पाच तळी शहराच्या नैर्ऋत्य भागात साखळीसारखी पसरली आहेत. ती हिमयुगातल्या हिमनद्यांनी मागे ठेवली. मात्र त्यांच्या काठाने जवळपास अखंड फिरता येते, याचे श्रेय माणसांच्या निर्णयाला द्यावे लागते. 1883 मध्ये शहराने स्वतंत्र उद्यान मंडळ स्थापन केले. चार्ल्स लोरिंग हे त्याचे पहिले अध्यक्ष आणि होरेस क्लीव्हलंड हे उद्यानरचनाकार. घरे उभी राहण्याआधीच काठाची जमीन सार्वजनिक मालकीत आणायची, हे धोरण त्यांनी धरले. त्यामुळे या तळ्यांभोवती आजही बहुतेक ठिकाणी खासगी बंगल्यांच्या कुंपणाने वाट अडत नाही. पुढे 1906 ते 1935 या काळात अधीक्षक असलेल्या थिओडोर वर्थ यांनी दलदली उपसल्या, काठ बांधून काढले आणि तळी कालव्यांनी जोडली. 1911 च्या जुलैमध्ये तळी जोडल्याचा मोठा उत्सव शहराने केला. तेव्हा कोणाच्याही डोळ्यांसमोर स्केटिंग नव्हते. घोडागाड्यांतून फेरफटका मारणाऱ्यांसाठी आखलेली ही हिरवी वर्तुळे शतकाअखेरीस छोट्या चाकांच्या कामी आली.

ब्दे माका स्का हे या साखळीतले सर्वांत मोठे तळे. दीर्घकाळ ते लेक कॅलहून या नावाने ओळखले जाई. 2018 मध्ये राज्य सरकारने त्याचे मूळ डकोटा नाव अधिकृत केले. त्याचा फेरा सुमारे 5 किलोमीटरचा आणि हॅरिएटचा त्याहून थोडा कमी. दोन्ही तळ्यांभोवती दोन वेगळ्या वाटा आहेत. पाण्यालगतची वाट पायी चालणाऱ्यांची, बाहेरची चाकांची. चाकांच्या वाटेवर सायकली आणि स्केट एकत्र धावतात, तेही एकाच दिशेने, घड्याळाच्या काट्याप्रमाणे. पाणी कायम उजव्या हाताला राहते. या साध्या नियमाने समोरासमोरची टक्कर जवळपास निकालात निघते. त्याचा एक परिणाम बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही. शर्यतीच्या गोल ट्रॅकवर खेळाडू घड्याळाच्या उलट फिरतात, त्यांचे सारे वळण डावीकडचे असते. तळ्याकाठी वळण उजवीकडचे. रिंकवर तयार झालेल्या स्केटरला डावा पाय उजव्यावरून टाकून वळण्याची सवय नसते आणि पहिल्या फेऱ्यांत त्याचे वळण अवघडल्यासारखे दिसते. चाकेही त्याच हिशेबाने एका बाजूने जास्त झिजतात. म्हणून चाकांची अदलाबदल करताना, पहिले तिसऱ्याच्या जागी, दुसरे चौथ्याच्या जागी आणि डाव्या पायाचे उजव्या पायाला उलटे करून, हा नेम पाळावा लागतो.

वाटेच्या पृष्ठभागाचा प्रश्न या खेळात सर्वांत मोलाचा आहे, आणि तो चाकाच्या आकारातून येतो. नेहमीच्या वापरातल्या स्केटचे चाक 80 मिलिमीटर व्यासाचे आणि 24 मिलिमीटर रुंद असते. सायकलचे चाक जवळपास 680 मिलिमीटर व्यासाचे. वाटेत एक सेंटिमीटर उंचीची कड आली, तर सायकलच्या चाकाला सुमारे 14 अंशांचा चढ चढल्यासारखे होते. स्केटच्या चाकाला तोच चढ 41 अंशांचा होतो. सायकलस्वाराला जो धक्का जाणवतही नाही, तो स्केटरला तोंडावर पाडू शकतो. लांब पल्ल्याचे स्केटर 100, 110 किंवा 125 मिलिमीटरची मोठी चाके घेतात, त्याचे एक कारण वेग आणि दुसरे हेच. मात्र मोठ्या चाकांनी पाय जमिनीपासून उंच जातो, घोट्यावर ताण येतो आणि नवशिक्याचा तोल ढळतो.

भेगांच्या बाबतीत त्यांच्या रुंदीपेक्षा दिशा महत्त्वाची. वाटेला आडवी गेलेली दोन सेंटिमीटरची भेग त्रास देते, पण चाक तिच्यात जेमतेम सव्वा मिलिमीटर उतरते आणि पुढे निघून जाते. तीच भेग वाटेच्या लांबीने धावत असेल, तर 24 मिलिमीटरचे चाक तिच्यात अडकते, पाऊल वळवता येत नाही आणि माणूस बाजूला कोसळतो. डांबराच्या दोन पट्ट्या जिथे शेजारी टाकल्या जातात, तिथला लांब सांधा याच कारणाने सर्वांत धोक्याचा. मिनेसोटात हिवाळी पारा शून्याखाली 20 अंशांच्याही खाली जातो. डांबर आकसते आणि वाटेवर ठरावीक अंतराने आडव्या भेगा पडतात. त्यांत पाणी शिरून गोठले की त्या रुंदावतात. त्या भरण्यासाठी ओतलेला चिकट काळा मसाला कडक उन्हात मऊ पडतो आणि चाक त्यावर क्षणभर धरल्यासारखे होते. झाडांची मुळे वर येऊन डांबराला फुगवटे आणतात. लेक ऑफ द आइल्सचा काठ उपसलेल्या गाळाच्या भरावावर उभा आहे. तिथे जमीनच खचते आणि वाट लाटांसारखी वरखाली होते.

काँक्रीट जास्त टिकते, पण त्याच्या दर काही मीटरवरच्या सांध्यांनी पायांत एकसारखी खटखट चालू राहते. बारीक खडीचे, नीट रोलर फिरवलेले डांबर हे स्केटिंगसाठी सर्वोत्तम. डांबर शिंपडून वर मोकळी खडी पसरण्याची स्वस्त पद्धत मोटारींना चालते. स्केटरच्या दृष्टीने तिने वाट निकामी होते. दुरुस्तीचे काम हाती घेताना बहुतेक नगरपालिका सायकल डोळ्यांसमोर ठेवतात. निकष स्केटचा ठेवला, तर व्हीलचेअर, बाबागाडी आणि लहान मुलांच्या स्कूटर या साऱ्यांचीच सोय होते, कारण त्यांचीही चाके लहानच असतात.

रुंदीचा हिशेबही वेगळा आहे. सायकल सरळ रेषेत जाते. स्केटर पाय बाजूला ढकलून पुढे जातो. एकदा डावा, एकदा उजवा. हा झोका सुमारे दीड मीटर जागा खातो, सायकलस्वाराला साधारण एक मीटर पुरते. दोन्ही दिशांनी वाहतूक असलेली, तीन मीटर रुंदीची सामायिक वाट अमेरिकेत किमान योग्य मानली जाते. तिच्यावर समोरासमोर दोन स्केटर आले की वाट भरली. मागून सायकल येत असेल तर स्केटरने झोका आखडता घ्यावा, एका रेषेत यावे आणि सायकलस्वाराने डावीकडून जात असल्याचे मोठ्याने सांगावे, असा तिथला रिवाज आहे. कानांत हेडफोन घातलेला स्केटर या व्यवस्थेतून स्वतःच बाहेर पडतो. रमतगमत जाणाऱ्याचा वेग ताशी 13 ते 20 किलोमीटर, तर कसलेल्या स्केटरचा 25 किंवा अधिक. विजेवर चालणाऱ्या सायकली आणि स्कूटर आल्यापासून त्याच वाटेवरच्या वेगांतील तफावत वाढली आहे, आणि ही गोष्ट स्केटरसाठी चांगली नाही.

थांबता येणे हे कौशल्य सुरुवातीलाच शिकायला हवे, पण बहुतेक जण ते शेवटी शिकतात. ब्रेक साधारणपणे उजव्या बुटाच्या टाचेला रबराच्या ठोकळ्याच्या रूपात असतो. तो वापरताना दोन्ही गुडघे वाकवायचे, उजवा पाय एका बुटाच्या लांबीइतका पुढे सरकवायचा, वजन आधी मागच्या डाव्या पायावर ठेवायचे, मग उजव्या पायाचा चवडा वर उचलून टाच हळूहळू दाबायची. कमरेत मागे झुकले की ब्रेक लागत नाही आणि माणूस पाठीवर पडतो. खुर्चीवर बसल्यासारखी कंबर खाली नेली तर तो लागतो. घाबरलेला नवशिक्या नेमका मागे झुकतो. अनुभवी स्केटर मागचा पाय आडवा घासत ‘टी’ आकारात थांबतात, पण त्यात चाके झिजतात. तळ्याकाठी एक जास्तीची सोय असते: वाटेच्या कडेची हिरवळ. वेग आवरेनासा झाला तर गुडघे वाकवून, एक पाय पुढे ठेवून गवतात शिरायचे आणि धावत थांबायचे. ब्दे माका स्काकडून हॅरिएटकडे जाताना मध्ये जो उतार लागतो, तिथे हे आधीच ठाऊक असलेले बरे. कोणत्याही पद्धतीने थांबायला सायकलपेक्षा जास्त अंतर लागते, आणि जिथे वाट रस्ता ओलांडते तिथे वेग आधीच कमी करणे याला पर्याय नाही.

दुखापतींबाबत चांगली माहिती उपलब्ध आहे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत 1992-93 मध्ये आलेल्या जखमी स्केटरांचा एक अभ्यास 1996 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. जखमांत मनगटाचा वाटा सर्वांत मोठा, 32 टक्के होता. सर्व जखमांपैकी एक चतुर्थांश म्हणजे मनगटाची मोडलेली हाडे. मनगटाला रिस्ट गार्ड न बांधणाऱ्यांना मनगटाच्या दुखापतीचा धोका बांधणाऱ्यांपेक्षा सुमारे दहापट आढळला. कोपराच्या पॅडचा फायदाही जवळपास तेवढाच. जखमींपैकी सर्व संरक्षक साधने घातलेले होते अवघे 7 टक्के. पडताना हात पुढे जातो, तळवा रस्त्यावर टेकतो आणि शरीराचा सारा भार मनगटावर येतो. रिस्ट गार्डमधली कडक पट्टी तळव्याला घसरू देते आणि मनगट मागे वाकू देत नाही. हेल्मेटची गरज कोणी नाकारत नाही. पण एकच जास्तीची वस्तू घ्यायची असेल तर ती रिस्ट गार्ड असावी, असे हे आकडे सांगतात.

पाणी जवळ असण्याचे तोटेही आहेत. ओल्या डांबरावर पॉलियुरेथेनची पकड सुटते. पाय ढकलताच बाजूला निसटतो, आणि रंगवलेले बाण व पट्टे तर कोरड्या डांबरापेक्षा कितीतरी जास्त निसरडे होतात. बेअरिंगमध्ये पाणी गेले की ग्रीस धुतले जाते आणि पोलादी गोळ्यांना गंज धरतो. भिजल्यावर ती काढून पुसून वाळवणे आवश्यक असते. पावसाने वाहून आलेली वाळू, ओकची फळे, वाळलेल्या काटक्या आणि काठावर चरणाऱ्या हंसांची विष्ठा, यांपैकी एकेक गोष्ट चाक अडवायला पुरेशी असते. वारा मोकळ्या पाण्यावरून अडथळ्याविना येतो. फेऱ्याच्या अर्ध्या भागात तो पाठीशी आणि अर्ध्या भागात छातीवर असला, तरी हिशेब बरोबरीत सुटत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि समोरच्या वाऱ्यात जास्त वेळ घालवावा लागतो, त्यामुळे गमावलेले बळ परतीत भरून येत नाही. एकट्या स्केटरसाठी कंबरेतून खाली वाकून जाणे हा त्यावरचा मुख्य उपाय. हिवाळ्यात तर काठावरचा खेळ बंदच होतो. मिनिआपोलिसचे स्केटर अनेक वर्षे मेट्रोडोम या आच्छादित स्टेडियमच्या गोल मार्गिकांत फिरत, ते स्टेडियम 2014 मध्ये पाडले गेले.

काठावरच्या स्केटिंगचे सर्वांत भव्य रूप याच राज्यात पाहायला मिळते. 1996 पासून दर सप्टेंबरात सुपीरियर सरोवराच्या किनाऱ्याने टू हार्बर्सपासून डुलुथपर्यंत ‘नॉर्थशोर इनलाइन मॅरेथॉन’ होते. अंतर धावण्याच्या मॅरेथॉनइतकेच, म्हणजे 42.195 किलोमीटर. शेवटचा टप्पा वाहतूक बंद केलेल्या महामार्गावरून आणि त्याच्या बोगद्यांतून जातो. आघाडीचे स्पर्धक हे अंतर साधारण तासाभरात कापतात. एकमेकांच्या पाठीमागे ओळीने राहून वारा चुकवणे आणि आळीपाळीने पुढे येणे, यावर तिथला सारा डाव चालतो. टेक्सासचा चॅड हेड्रिक याने नव्वदच्या दशकात रूढ केलेला ‘डबल पुश’, म्हणजे पाय बाहेर ढकलण्याआधी आतल्या बाजूलाही ढकलण्याची चाल, आज सर्वत्र शिकवली जाते. पुढे बर्फावर जाऊन त्याने 2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये 5000 मीटरचे सुवर्णपदक मिळवले.

शिकागोची मिशिगन सरोवराकाठची वाट मिनिआपोलिसपेक्षा वेगळे गणित मांडते. ती फेरा नाही, जवळपास 30 किलोमीटरची सरळ पट्टी आहे. सरोवर एवढे मोठे की वादळात लाटा वाटेवर येतात, किनाऱ्याची वाळू पसरते आणि काठाचे काँक्रीट उखडते. चालणारे आणि चाकांवरचे लोक एकत्र आल्याने गर्दीच्या ठिकाणी अपघात होत. 2018 च्या अखेरीस दोघांच्या वाटा संपूर्ण लांबीत वेगळ्या करण्याचे काम पूर्ण झाले, त्यासाठी एका देणगीदाराने 1.2 कोटी डॉलर दिले. जर्मनीत बर्लिनच्या दक्षिणेला ‘फ्लेमिंग-स्केट’ हे 200 किलोमीटरहून अधिक लांबीचे, गुळगुळीत डांबराचे जाळे मुख्यतः स्केटर डोळ्यांसमोर ठेवून उभारले गेले. ते शेतांमधून आणि जंगलातून जाते. पृष्ठभागाचा निकष स्केटचा ठेवला की काय साधते, याचा तो जिवंत पुरावा आहे. कायद्यात मात्र स्केटरची जागा अजून डळमळीत आहे. फ्रान्स त्याला पादचारी मानतो. जर्मनीतही तो पदपथावरच असावा असा नियम आहे. 2009 पासून खास फलक लावलेल्या ठिकाणी त्याला सायकलमार्ग किंवा रस्ता खुला होतो. ताशी 20 किलोमीटरने जाणाऱ्याला चालणाऱ्यांमध्ये ढकलणे दोघांवरही अन्याय करणारे आहे. मिनिआपोलिसने त्याला चाकांच्या वाटेवर घेतले, तेच योग्य.

महाराष्ट्रात स्केटिंग शिकणाऱ्या मुलांची संख्या मोठी आहे आणि दर्जाही वरचा आहे. हांगझाऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ऑक्टोबर 2023 मध्ये पुरुषांच्या 3000 मीटर रिलेत कांस्यपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे हे महाराष्ट्राचे खेळाडू होते. सराव मात्र रिंकवर किंवा पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर होतो. मोकळी लांब वाट जवळपास नाहीच. ती तळ्याकाठी नव्याने बांधावी, हा विचार मोहात पाडणारा असला तरी त्याला मर्यादा आहेत. मुंबईत पवई तलावाच्या काठाने महापालिकेने हाती घेतलेला सायकलमार्ग उच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये बेकायदा ठरवला आणि बांधकाम काढून जागा पूर्ववत करण्याचा आदेश दिला. तलाव मगरींचे आणि पक्ष्यांचे घर आहे. काठाची ओली पट्टी बुजवली की पाणी मुरण्याची आणि जीवांच्या वस्तीची जागा जाते. मिनिआपोलिसचे काठ शंभर वर्षांपूर्वी, पाणथळ जागांची किंमत कोणी करत नव्हते तेव्हा बांधले गेले, आणि आता तिथेही पाण्यालगत स्थानिक गवते व झुडपे पुन्हा लावली जात आहेत. आपल्याकडे जिथे तलावाच्या बंधाऱ्यावर किंवा काठाच्या जुन्या रस्त्यावर आधीपासूनच डांबर आहे, तिथे ठरावीक वेळी मोटारी बंद करणे हा कमी खर्चाचा आणि तलावाला न दुखावणारा मार्ग आहे. 2022 च्या मार्चपासून मुंबई पोलिसांनी रविवारी सकाळी काही रस्ते चालणे, सायकल आणि स्केटिंग यांसाठी मोकळे ठेवून हे करता येते हे दाखवले. अशा रस्त्याला पावसाळ्यानंतर एकदा नीट झाडलोट, लांब भेगांची भरणी आणि बारीक खडीच्या डांबराचा एक थर दिला, तर 80 मिलिमीटरच्या चाकाला तेवढे पुरते.